घर सोडलेल्यांचं शतक





युरोपातलं सोळावं शतक म्हटलं की शाळेत पाठ केलेली यादी आठवते. पाचवा चार्ल्स, दुसरा फिलिप, राणी एलिझाबेथ हे राजे एका रकान्यात. मॅगेलन, ड्रेक हे दर्यावर्दी दुसऱ्या रकान्यात. कोपर्निकस, वेसालियस, टायको ब्राहे हे विद्वान तिसऱ्या रकान्यात. परीक्षेपुरते हे रकाने ठीक होते. आज मला त्यांच्या मधल्या रेघा पुसायच्या आहेत.

त्यासाठी एकच प्रश्न घेऊन निघू. यांतल्या किती जणांना आपल्याच मुलखात, आपल्याच राजाच्या छत्राखाली निवांत काम करता आलं? उत्तर शोधायला लागलं की यादी भराभर रिकामी होते. कुणाला राजाने झिडकारलं, कुणाला धर्मपीठाने छळलं, कुणी पोटासाठी चाकरी बदलली, कुणी जीव वाचवायला देश सोडला. माझं म्हणणं इतकंच आहे, की त्या शतकातली विद्या पुढे नेली ती बहुतांशी अशा निघून गेलेल्या माणसांनी. आणि त्या शतकातल्या राजांची पारख करायची, तर त्यांच्याकडून कोण गेलं आणि त्यांच्याकडे कोण आलं, याचा हिशेब मांडावा लागतो.

पहिला मुद्दा राजांचा.

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि पोर्तुगालच्या राजाच्या हाती एक नवा खजिना आला. मिरी आणि दालचिनी तर होतीच, पण त्याहून मोलाचा होता रस्ता. कुठे वळायचं, कोणत्या महिन्यात वारा कुठून येतो, कुठल्या किनाऱ्याला खडक आहेत. हे ज्याला ठाऊक, त्याचा व्यापार. मग राजा मॅन्युएलने काय केलं? १५०४ साली फर्मान काढलं, की आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ठरावीक टप्प्यापलीकडचा मुलूख नकाशांत दाखवायचा नाही. शेजारी स्पेननेही १५०३ साली सेव्हिलला व्यापाराचं सरकारी खातं उघडलं. तिथे एक अस्सल नकाशा जपलेला असे. प्रत्येक सुकाणूदाराने परत आल्यावर आपण पाहिलेलं तिथे सांगायचं, नकाशात दुरुस्ती व्हायची, आणि त्यावरून उतरवलेली प्रतच पुढच्या जहाजाने न्यायची. पद्धत उत्तम होती. आजच्या सर्वेक्षण खात्यालाही हेवा वाटावा अशी.

पण कुलूप टिकलं का? फेराराच्या ड्यूकने आल्बेर्तो कांतिनो नावाचा आपला माणूस लिस्बनला धाडला होता. त्याने १५०२ साली जगाचा एक ताजा नकाशा मिळवून गुपचूप इटलीत पोहोचवला. किंमत पडली बारा सोन्याच्या डुकाट. बारा नाण्यांत एका राज्याचं गुपित! तो नकाशा आजही मोदेनाच्या ग्रंथालयात आहे. मधल्या काळात तो गहाळ झाला आणि एकोणिसाव्या शतकात सापडला तो चक्क एका खाटकाच्या दुकानात. आफ्रिकेचा आकार आणि हिंदुस्थानचं टोक त्यावर बघण्यासारखं आहे. फर्मान निघायच्या दोन वर्षं आधीच गुपित घराबाहेर पडलं होतं.

आणि सेव्हिलच्या त्या खात्याचा पहिला मुख्य सुकाणूदार कोण होता, ठाऊक आहे? अमेरिगो वेस्पुची. फ्लोरेन्सचा. म्हणजे स्पेनने आपल्या तिजोरीची किल्ली दिली ती परदेशी माणसाला! कारण सरळ होतं. जाणते लोक स्पेनकडे आले होते आणि तोवर स्पेनला ते नकोसे झाले नव्हते.

दुसऱ्या फिलिपच्या काळी मात्र वारा फिरला. हा राजा विद्येचा शत्रू होता असं कुणी म्हणेल तर मी मान्य करणार नाही. कागदांच्या ढिगाऱ्यात बसून समासांत शेरे मारणारा, एस्कोरिअलला भलंमोठं ग्रंथालय उभारणारा हा माणूस. १५७० साली त्याने फ्रान्सिस्को एर्नांदेस या आपल्या वैद्याला मेक्सिकोला पाठवलं. वनस्पती गोळा करा, तिथल्या वैद्यांना विचारा, चित्रं काढून घ्या. एर्नांदेसने तिथे सात वर्षं काढली. स्थानिक चित्रकार आणि वैद्य हाताशी धरून सुमारे तीन हजार वनस्पतींची नोंद केली. सोळा खंड राजाकडे रवाना झाले. राजाने ते सुरेख बांधून घेतले आणि ग्रंथालयात ठेवले. तिथेच ते राहिले. १६७१ साली एस्कोरिअलला आग लागली आणि ते मूळ खंड जळून गेले.

याच फिलिपने १५५९ साली हुकूम काढला, की कास्तीलच्या विद्यार्थ्यांनी मोजकी विद्यापीठं सोडून परदेशी शिकायला जायचं नाही. परदेशातून पाखंड येईल ही भीती. पाखंड किती थोपलं हा वादाचा विषय आहे. येणारी-जाणारी माणसं मात्र नक्की थोपली.

आता दुसरा मुद्दा, दर्यावर्द्यांचा. इथे मी एकाच माणसाची आणि एकाच जहाजाची गोष्ट जरा सावकाश सांगणार आहे.

फर्नांव मगाल्यांइश, ज्याला आपण मॅगेलन म्हणतो, तो पोर्तुगीज होता. आपल्या या किनाऱ्यावर येऊन गेलेला होता, १५११ साली मलाक्काच्या लढाईत होता, पुढे मोरोक्कोत जखमी होऊन कायमचा लंगडा झाला. परत आल्यावर त्याने राजा मॅन्युएलकडे मागितलं काय? तनख्यात थोडी वाढ. राजाने नकार दिला. दुसऱ्या कुणाची चाकरी करू का, असं विचारल्यावर राजाने खुशाल कर म्हटलं, अशी हकीकत सांगतात. १५१७ साली मॅगेलन स्पेनमध्ये गेला. तिथला राजा चार्ल्स अठरा वर्षांचा, गेंटमध्ये जन्मलेला, फ्लँडर्समध्ये वाढलेला, नुकताच स्पेनमध्ये आलेला. एक परका माणूस दुसऱ्या परक्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, पश्चिमेकडून मसाल्याच्या बेटांवर नेतो. मार्च १५१८ मध्ये करार झाला.

सप्टेंबर १५१९ मध्ये पाच जहाजं आणि सुमारे अडीचशे माणसं निघाली. पुढचं तुम्हाला माहीत आहे: दक्षिण अमेरिकेच्या टोकाची सामुद्रधुनी, पॅसिफिकवरची उपासमार, दोरखंडांवरचं कातडं मऊ करून खाणं. २७ एप्रिल १५२१ रोजी माक्तान बेटावर, नसत्या भांडणात पडून, मॅगेलन मारला गेला. परतीचं जहाज आणलं ते बास्क खलाशी एल्कानोने.

पण मला सांगायचं आहे ते जुलै १५२२ मधलं. ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज उरलं होतं. खायला काही नव्हतं म्हणून नाइलाजाने केप व्हर्द बेटांवर थांबावं लागलं. बेटं पोर्तुगीजांची, म्हणजे शत्रूची. आम्ही अमेरिकेकडून येताना संकटात सापडलो, अशी थाप मारून माणसं तांदूळ आणायला किनाऱ्यावर गेली. जहाजावर अंतोनिओ पिगाफेत्ता नावाचा इटालियन रोजनिशी लिहीत असे. त्याने जाणाऱ्यांना सांगितलं, आज वार कोणता ते विचारून या. माणसं परत आली आणि म्हणाली, गुरुवार. जहाजावर बुधवार होता!

पिगाफेत्ता चक्रावला. तो आजारी पडला नव्हता, एकही दिवस नोंद चुकली नव्हती. मग एक अख्खा दिवस गेला कुठे? चूक कुणाचीच नव्हती. सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे जात राहिलं की पृथ्वीभोवती एका फेरीत एक दिवस कमी मोजला जातो. आज आंतरराष्ट्रीय वाररेषा हा शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्या दिवशी भुकेल्या जहाजावर हे एखाद्या राजाला किंवा धर्मगुरूला उमगलं नाही. ते रोज नेमाने वही भरणाऱ्या एका परदेशी माणसाच्या लक्षात आलं.

सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया स्पेनला लागली तेव्हा तिच्यावर अठरा जण होते. जहाजाच्या पोटात लवंगा होत्या, त्यांतून मोहिमेचा बराचसा खर्च निघाला. एल्कानोला मानचिन्ह मिळालं, त्यावर लवंग, जायफळ, दालचिनी आणि पृथ्वीचा गोल. पण त्या जहाजांवर एक एन्रिकेही होता, मलाक्कात मॅगेलनच्या हाती आलेला गुलाम आणि दुभाषा. मालकाच्या मृत्युपत्रात त्याच्या सुटकेची तरतूद होती. मालक मेल्यावर ती पाळायला कुणी तयार झालं नाही आणि तो सेबूला मागे राहिला. निघून गेलेल्यांच्या गोष्टीत ज्यांना आपल्या मर्जीने निघताही आलं नाही, त्यांचीही नावं येतात, हे आपण विसरू नये.

तिसरा मुद्दा विद्वानांचा. १५४३ हे साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षात दोन ग्रंथ छापले गेले. एकाने आकाश हलवलं, दुसऱ्याने माणसाचं शरीर उघडून दाखवलं.

तुम्ही म्हणाल, कोपर्निकस कुठे घर सोडून गेला? तरुणपणी क्राकोव्ह, बोलोन्या, पादुआ इथे शिकून आल्यावर त्याने उरलेलं आयुष्य पोलंडच्या उत्तरेला, बहुतेक फ्राउएनबुर्गच्या चर्चच्या सेवेत काढलं. बरोबर आहे. म्हणूनच त्याचं हस्तलिखित वर्षानुवर्षं तिथेच पडून होतं! ते बाहेर काढायला आला तो ऱ्हेटिकस, पंचविशीतला गणिती, विटेनबर्गचा, म्हणजे ल्यूथरच्या गावचा. ज्या १५३९ साली तो आला, त्याच साली तिथल्या बिशपने ल्यूथरपंथीयांविरुद्ध फर्मान काढलं होतं. तरीही कॅथलिक म्हाताऱ्याने त्याला ठेवून घेतलं आणि सगळं गणित दाखवलं. ग्रंथ पोपला अर्पण केलेला, छापला गेला प्रोटेस्टंट न्युरेंबर्गमध्ये. पंथांच्या भिंती उभ्या राहत असताना त्या भिंतीवरून हातोहात हा ग्रंथ पलीकडे गेला.

आणि वेसालियस? जन्म ब्रसेल्सचा, शिक्षण पॅरिस आणि लूव्हाँचं, अध्यापन पादुआचं, ग्रंथ छापला बाझलला. लूव्हाँच्या वेशीबाहेर फाशी दिलेल्याचा सांगाडा टांगलेला होता. तरुण वेसालियस रात्री तिथे गेला आणि हाडं सोडवून घरी घेऊन आला. कशासाठी? कारण तेराशे वर्षं सगळे ज्याचं प्रमाण मानत होते त्या गॅलनने माणसाचं शरीर फाडलेलंच नव्हतं. त्याने फाडली होती माकडं आणि इतर प्राणी. गॅलन म्हणे, खालचा जबडा दोन हाडांचा. वेसालियसने हाडं हातात घेऊन पाहिलं, तो एकसंध निघाला. इतकं साधं पाहणं, पण ते करायला तेराशे वर्षं लागली. ग्रंथातल्या चित्रांचे लाकडी ठसे इटलीतून खेचरांवर लादून आल्प्स ओलांडून बाझलला नेले गेले. ठसेसुद्धा घर सोडून निघाले होते म्हणायचे!

टायको ब्राहेची गोष्ट थोडक्यात. डेन्मार्कच्या राजाने १५७६ साली त्याला ह्वेन बेट दिलं, वेधशाळा बांधून दिली. दुर्बीण नसताना डोळ्यांनी घेतलेल्या इतक्या अचूक नोंदी त्याआधी कुणी केल्या नव्हत्या. नव्या राजाशी बिनसलं आणि १५९७ साली तो देश सोडून निघाला. प्रागला बादशहा रुडॉल्फने आश्रय दिला. १६०० साली केप्लरला ग्रात्समधून हाकललं, कारण तो प्रोटेस्टंट होता. तोही प्रागला आला. वर्षभरात टायको वारला आणि नोंदी केप्लरच्या हाती आल्या. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे केप्लरने १६०९ साली मांडलं, ते याच नोंदींवरून. दोन निर्वासित एका गावात भेटले नसते तर हे केव्हा झालं असतं, कोण जाणे.

आता चौथा मुद्दा, आणि इथे आपण गोव्यात येतो. ओढूनताणून आणत नाही, तो रस्ता गोव्यातूनच जातो.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. घराणं ज्यू, स्पेनमधून हाकललेलं, पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती झालेलं. १५३४ साली तो गोव्याला आला तो परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं येणंजाणं होतं. मुंबई बेट त्याने पोर्तुगीज सरकारकडून खंडाने घेतलं होतं. बाजारात जाऊन तो हकिमांना विचारी, वैद्यांना विचारी, व्यापाऱ्यांना विचारी, औषधं स्वतः पाही. एप्रिल १५६३ मध्ये गोव्याच्या छापखान्यात त्याचा ग्रंथ छापला. तो छापखानाही मजेशीर. मुळात अबिसीनियाला निघालेला, १५५६ साली वाटेत गोव्याला उतरला आणि इथेच राहिला. ग्रंथ संवादरूपात आहे. त्यात हिंग, आंबा, दुरियन, पटकीचा रोग, आणि त्या रोगाला इथले लोक मोडशी म्हणतात हेसुद्धा आहे. त्यात ओर्ता एका ठिकाणी सांगून टाकतो, की स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती. घरापासून दूर आलेल्या माणसाचं ते धाडस होतं.

ग्रंथात छपाईच्या चुका भरपूर. पण पुढच्याच वर्षी क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती तो पडला. त्याने लॅटिनमध्ये संक्षेप करून १५६७ साली अँटवर्पला छापला आणि युरोपभर तो वाचला गेला. एर्नांदेसचे देखणे सोळा खंड राजाच्या कपाटात राहिले आणि जळाले. ओर्ताचं गचाळ छपाईचं पुस्तक जगभर गेलं. राजाश्रय कुणाला होता आणि आयुष्य कुणाला मिळालं?

ओर्ता १५६८ साली वारला. दुसऱ्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची बहीण कातारिनाला गोव्यात जिवंत जाळलं. १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. हा ग्रंथ इन्क्विझिशनच्या परवानगीनेच छापलेला होता, हे मुद्दाम सांगतो.

आता १५८३ च्या अखेरीचं गोवा पाहा. आर्चबिशपच्या कचेरीत यान हाउखेन व्हान लिन्स्खोतेन नावाचा तरुण डच कारकून काम करतो आहे. सेंट पॉल कॉलेजच्या जेझुइटांत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज आहे. होय, तेच आपले फादर स्टीफन्स, ज्यांनी पुढे मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरू म्हणून राहणं जिवावरचं होतं. तो माणूस रोमहून लिस्बनमार्गे १५७९ साली इथे आला होता. आणि तुरुंगात रॅल्फ फिच, न्यूबेरी वगैरे चार इंग्रज आहेत, होर्मुझला पकडून आणलेले. न्यूबेरीजवळ राणी एलिझाबेथने अकबर बादशहाला लिहिलेलं पत्र! त्यांच्या जामिनासाठी धडपडले ते स्टीफन्स आणि लिन्स्खोतेन. राणीच्या देशात ज्या पंथाला थारा नव्हता, त्या पंथाचा पाद्री राणीच्या व्यापाऱ्यांना सोडवायला धावला. पुढच्या एप्रिलमध्ये फिच आणि मंडळी गोव्यातून पळाली, विजापूर, गोवळकोंडा करत अकबराच्या दरबाराकडे.

पुढे काय झालं? फिच १५९१ साली लंडनला परतला. पूर्वेकडच्या व्यापाराचा विचार करणाऱ्यांनी त्याचा सल्ला घेतला आणि ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. लिन्स्खोतेन मायदेशी गेला तो पोर्तुगीजांचे जलमार्ग, वारे, बंदरं, खडक सगळं उतरवून घेऊन. १५९५–९६ मध्ये त्याने ते छापलं. पहिली डच जहाजं त्याच्याच माहितीवर निघाली. मॅन्युएलने फर्मान काढून जे कुलूप लावलं, ते नव्वद वर्षांनी पोर्तुगीजांच्याच आर्चबिशपच्या कारकुनाने उघडलं.

पाचवा आणि शेवटचा मुद्दा, सावधगिरीचा. मघापासून मी निघून गेलेल्यांचं कौतुक करतोय. पण त्यांनी बाहेर आणलेली विद्या निष्पाप होती का? नव्हती. लिन्स्खोतेनच्या वाटेने गेलेल्या डचांनी १६२१ साली जायफळाच्या बांदा बेटांवर कत्तल केली. आपल्या किनाऱ्यावर ईस्ट इंडिया कंपनीचं पुढे काय झालं, ते सांगायची गरज नाही. आणि गंमत पाहा, पोर्तुगीजांचं कुलूप फोडणाऱ्या डच कंपनीने पुढे आपलेही नकाशे कुलपातच ठेवले! ज्ञान मोकळं झालं म्हणून माणसं मोकळी होतात असं नाही. आणि निघून जाणं सगळ्यांना जमतही नाही. एन्रिकेला जमलं नाही, कातारिनाला जमलं नाही. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या जीनिव्हात जाळलेला स्पॅनिश विद्वान सेर्व्हेटस तर एका पंथाच्या तावडीतून सुटून दुसऱ्याच्या तावडीत सापडला होता.

तेव्हा थोडक्यात सांगायचं तर असं. राजांनी ज्ञान कोंडायचा प्रयत्न केला आणि बारा डुकाटांत ते बाहेर गेलं. दर्यावर्दी एका राजाने नाकारले म्हणून दुसऱ्याच्या दारी गेले आणि ज्याने नाकारलं त्याचं नुकसान झालं. विद्वानांनी पंथ आणि सरहद्दी ओलांडून एकमेकांचं काम पुढे नेलं. आणि या सगळ्यांच्या वाटा एका वेळी आपल्या गोव्यातून गेल्या.

पुढच्या वेळी कुठल्याही शतकातल्या, कुठल्याही देशातल्या मोठ्या राजाचं चरित्र हाती आलं, तर लढायांची पानं जरूर वाचा. पण सोबत एक कागद घ्या आणि त्याच्या राज्यातून कोण उठून गेलं, त्यांची नावं लिहीत जा. त्या राज्याचं पुढे काय होणार, हे विजयांच्या यादीपेक्षा तो कागद अधिक खात्रीने सांगतो. मॅन्युएलच्या कागदावर मॅगेलनचं नाव येतं, आणि ते केवळ तनख्यातल्या थोड्या वाढीसाठी.